संगणक सुरू होताच आगंतुक प्रोग्रॅम का धावतात, आणि ते कसे थांबवायचे

(अकलूज येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

अकलूजमधून आणि माळीनगर, वेळापूर, नातेपुते या बाजूंनी आलेल्या सर्वांचं स्वागत. सभागृहात विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत, डीटीपीचं काम करणारे आहेत आणि ई-सेवा केंद्र चालवणारेही बरेच दिसतात. विषय साधा वाटेल, पण तुमच्यातल्या प्रत्येकाचा रोजचा वेळ त्यात अडकलेला आहे.

ई-सेवा केंद्राचंच उदाहरण घेऊ. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, बाहेर शेतकरी कागदपत्रं घेऊन उभे असतात, आणि आत संगणकाच्या पडद्यावर अजून गोल फिरतोय. डेस्कटॉप दिसतो, पण क्लिक केलं तर काही हलत नाही. पाच मिनिटं जातात, सात जातात. मग कोणीतरी म्हणतं, "मशीन म्हातारं झालं, आता नवीन घ्या." नवीन घ्यायला पस्तीस-चाळीस हजार रुपये लागतात. ते घालण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी, एवढ्यासाठी आजचं बोलणं आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. संगणक सुरू झाल्यावर आपोआप काय चालावं, हे ठरवायचा हक्क त्याच्या मालकाचा. प्रत्यक्षात आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत तो हक्क दहा कंपन्यांना देऊन बसतो. तो परत घ्यायचा. पण डोळे झाकून नाही, कारण आपोआप चालणाऱ्या त्या यादीत काही कामाचीही मंडळी असतात.

सुरू होताना नेमकं काय होतं?

बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरची यंत्रणा जागी होते, मग विंडोजचा गाभा मेमरीत येतो, मग 'सर्व्हिस' म्हणतात ते पडद्याआडचे प्रोग्रॅम सुरू होतात. त्यानंतर तुम्ही पासवर्ड टाकता. आणि पासवर्ड टाकल्यावर ज्यांनी आपलं नाव नोंदवून ठेवलेलं असतं, ते सगळे प्रोग्रॅम जवळपास एकाच वेळी धावतात. डेस्कटॉप दिसतो पण माऊस अडखळतो, तो हाच काळ.

का अडखळतो? गाळपाचा हंगाम आठवा. शंकरनगरच्या कारखान्यावर उसाचे ट्रॅक्टर आले की आधी वजनकाट्यावर जावं लागतं. पन्नास ट्रॅक्टर एकदम आले म्हणून काटा पन्नासपट वेगाने चालत नाही. रांग लागते, आणि ज्याचा ऊस खरोखर वाळतोय तोही त्याच रांगेत थांबतो. जुन्या संगणकातली फिरती हार्ड डिस्क म्हणजे तो काटा. तिची वाचणारी सुई एका जागेवरून दुसऱ्या जागी सेकंदाला साधारण शंभरएक उड्या मारू शकते. वीस प्रोग्रॅमनी एकदम आपापल्या फायली मागितल्या की सुई नुसती इकडून तिकडे पळत राहते. तुम्ही उघडलेला ब्राउझर त्या रांगेत एकविसावा. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही, म्हणून ती कितीतरी पट वेगाने उत्तर देते. पण रांगेतल्यांनी घेतलेली मेमरी आणि इंटरनेट तिथेही खर्च होतंच.

हे प्रोग्रॅम येतात कुठून?

तुम्ही प्रिंटर घेतला. सोबतच्या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर टाकला, तो हवाच. पण त्याच्याबरोबर शाई किती उरली ते सांगणारा एक प्रोग्रॅम आला, अपडेट शोधणारा एक आला, फोटोंचा अल्बम करणारा एक आला. तिघांनीही स्वतःचं नाव सुरुवातीच्या यादीत घातलं. ऑनलाइन मीटिंगचं सॉफ्टवेअर एकदा वापरलं, ते कायम राहिलं. गाणी ऐकायचं, गेम खेळायचं, पीडीएफ वाचायचं, प्रत्येकाला वाटतं की आपण तयार उभं राहिलं तर मालकाला लवकर उघडून देता येईल. त्यांच्या बाजूने ते खरंही आहे. पण त्यांचे दोन सेकंद वाचवायला तुमची रोजची मिनिटं जातात.

नाव नोंदवायच्या जागा मुख्यतः चार आहेत. पहिली, 'स्टार्टअप' नावाचा फोल्डर, जो विंडोज ९५ पासून आहे. दुसरी, रजिस्ट्री म्हणजे विंडोजची मोठी नोंदवही, तिच्यातलं 'रन' हे पान. तिसरी, सर्व्हिसेस. चौथी, टास्क शेड्युलर, म्हणजे अमुक वेळी किंवा अमुक घटना घडली की हे चालव, अशी नोंद. पहिल्या दोन जागांमधल्या नोंदी आपल्याला एकाच ठिकाणी, सोप्या यादीत बघायला मिळतात. शेवटच्या दोन तिथे दिसत नाहीत.

यादी कुठे बघायची?

विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये वरच्या टॅबमध्ये 'स्टार्टअप' आहे. छोटीच खिडकी उघडली तर आधी खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. विंडोज ११ मध्ये डावीकडच्या पट्टीत 'स्टार्टअप अ‍ॅप्स' आहे. ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे त्यांनी विंडोजचं बटण आणि आर दाबून 'एमएसकॉन्फिग' चालवावं, तिथे स्टार्टअपचा टॅब मिळेल. ही यादी टास्क मॅनेजरमध्ये आली ती २०१२ मध्ये, विंडोज ८ पासून.

यादीत प्रत्येक ओळीला नाव, कंपनी, चालू की बंद, आणि 'स्टार्टअप इम्पॅक्ट' म्हणजे सुरुवातीवर पडणारा भार दिसतो. 'हाय' हा शिक्का अंदाजाने मारलेला नसतो. सुरू होताना प्रोग्रॅमने प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं, की तो 'हाय'. ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी या दोन्हींच्या खाली राहिला तर 'लो'. मधला तो 'मीडियम'. 'नॉट मेजर्ड' असेल तर मोजमाप अजून झालेलं नाही, एवढाच अर्थ.

नकोसा प्रोग्रॅम निवडा, उजवं क्लिक करा, 'डिसेबल' म्हणा. झालं. यात प्रोग्रॅम पुसला जात नाही. तो संगणकावरच राहतो, तुम्ही उघडाल तेव्हा उघडतो. फक्त न बोलावता येत नाही. परत हवा असेल तर तिथेच 'एनेबल'. म्हणून आम्ही म्हणतो, या यादीला घाबरायचं कारण नाही. इथली प्रत्येक कृती उलटवता येते.

इथे एक गोम आहे, ती लक्षात ठेवा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. त्यामुळे 'शट डाऊन' केल्यावर संगणक पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. 'रिस्टार्ट'मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. बदल केल्यावर रिस्टार्टच करा, आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजा: पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर नीट उघडेपर्यंत. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा कागदावर लिहा. "जरा बरं वाटतंय" यावर विसंबू नका.

काय बंद करायचं, काय नाही?

प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा. हा कोण आहे? मला हा संगणक सुरू होताच लागतो का, की मी बोलावल्यावर आला तरी चालेल? हा बंद केला तर कोणतं काम अडेल?

बिनधास्त बंद करण्यासारखे कोण? मीटिंगची आणि गप्पांची सॉफ्टवेअर, गाण्यांची, गेमची, प्रिंटरची शाई दाखवणारी, पीडीएफ आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे मदतनीस. प्रिंटरचा शाई-मॉनिटर बंद केला म्हणून छपाई थांबत नाही. छपाई ड्रायव्हर आणि 'प्रिंट स्पूलर' या सर्व्हिसवर चालते. ती सर्व्हिस मात्र बंद करू नका, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात भलतीच पंचाईत होईल.

विचार करून बंद करायचे कोण? वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह. तुमच्या फायली त्यावर जात असतील आणि तुम्ही ते बंद केलं, तर फायली वर जाणं थांबेल आणि महिनाभर तुम्हाला कळणारही नाही. ज्या शिक्षकांचे निकालपत्रक तिथे आहेत त्यांनी ते चालू ठेवावं. लॅपटॉपच्या टचपॅडचा आणि आवाजाचा प्रोग्रॅमही तसाच. बंद केल्यावर काही बिघडलं तर लगेच चालू करा.

आणि हात लावू नये असे कोण? अँटिव्हायरस. 'विंडोज सिक्युरिटी'चं चिन्ह. आणि ई-सेवा केंद्रवाल्यांनी हे नीट ऐका: बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची 'आरडी सर्व्हिस'. आधारसाठी ठसा घेतला की तो यंत्राच्या पातळीवरच कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक होऊन पुढे गेला पाहिजे, असा नियम आहे आणि ते काम या सर्व्हिसमधून होतं. ती बंद झाली की यंत्राचा दिवा लागेल, पण संकेतस्थळ म्हणेल यंत्र सापडत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर तसंच. ऑफिसात टॅली एकापेक्षा जास्त मशीनवर असेल, तर लायसन्स देणाऱ्या मुख्य मशीनवरची त्याची सर्व्हिसही तशीच. सफाईच्या भरात हे तीन गेले, तर वाचवलेली पाच मिनिटं राहिली बाजूला, अख्खा दिवस जाईल.

मराठी टायपिंगचं काय, हा आपल्याकडचा खास प्रश्न. बऱ्याच मशीनवर टायपिंगचे दोन-तीन प्रोग्रॅम एकदम चालू असतात, कारण प्रत्येक ऑपरेटरने आपल्या सवयीचा टाकलेला असतो. जो रोज वापरता तो एक ठेवा, बाकीचे बंद. नुसतं युनिकोड मराठी हवं असेल तर विंडोजमध्येच मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, आणि विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून उच्चारानुसार टाइप करायचा मराठी फोनेटिक कीबोर्डही आला आहे. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम सुरुवातीला चालवावा लागत नाही. 'सीटीएफ लोडर' असं नाव कुठे दिसलं तर ते भाषा बदलण्याच्या यंत्रणेचं आहे, परकं वाटलं तरी राहू द्या.

पद्धत एकच सांगतो. यादीचा आधी मोबाइलने फोटो काढा. एका वेळी दोन-तीनच बंद करा. रिस्टार्ट करा. दोन दिवस नेहमीची सगळी कामं करा: छपाई, स्कॅन, ठसा, सही, टायपिंग. सगळं ठीक असेल तर पुढचे दोन-तीन. पंधरा एकदम बंद केले आणि स्कॅनर रुसला, तर पंधरांपैकी कोणामुळे हे शोधत बसावं लागतं.

यादीत न दिसणारे

काही जण ब्राउझरच्या पोटात लपतात. क्रोम आणि एज बंद केल्यावरही मागे चालू राहू शकतात. त्यांच्या सेटिंगमध्ये 'सिस्टीम'च्या भागात ती परवानगी काढता येते. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' वेगळा आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स', मग 'साइन-इन ऑप्शन्स' इथे एक पर्याय असतो, ज्यामुळे काल उघडे राहिलेले अ‍ॅप आज आपोआप परत उघडतात. नको असेल तर तो बंद करा.

सर्व्हिसेसमध्ये शिरायचं असेल तर सावधपणे. तिथे 'ऑटोमॅटिक'च्या शेजारी 'डिलेड स्टार्ट' असा एक प्रकार आहे, म्हणजे चालू करा पण गर्दी ओसरल्यावर. काट्यावर उशिराचा नंबर दिल्यासारखं. पण विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस चाळत बसू नका.

ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी 'ऑटोरन्स' नावाचं मोफत साधन आहे. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्स संग्रहातलं. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो संग्रह विकत घेतला, आणि आजही तो त्यांच्याच संकेतस्थळावर मिळतो, तिथूनच घ्या. ऑटोरन्स चारही जागा आणि आणखी कितीतरी दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय आधी निवडा, म्हणजे यादी आटोक्यात येते. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही. डावीकडची खूण काढली की नोंद बंद होते. 'डिलीट' केलं की जाते. आधी खूणच काढा.

जिथे वेळेपेक्षा जास्त काही जातं

आतापर्यंत आपण हळू चालण्याचं बोललो. पण सुरुवातीच्या या यादीवर चोरांचंही लक्ष असतं, कारण एकदा इथे नाव लागलं की संगणक बंद करून काही उपयोग नाही. सुरू केला की तो परत हजर.

पेनड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस तुमच्यातल्या अनेकांनी बघितलाय. पेनड्राइव्हमधले खरे फोल्डर तो लपवतो, त्याच नावाचे शॉर्टकट करून ठेवतो. तुम्ही शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डरही उघडतो आणि मागे एक छोटी स्क्रिप्टही चालते. ती स्क्रिप्ट स्वतःची प्रत संगणकात ठेवते आणि सुरुवातीच्या यादीत नाव लावते. मग त्या मशीनला लावलेला प्रत्येक नवा पेनड्राइव्ह बाधित. त्याआधीचे व्हायरस तर पेनड्राइव्ह लावताच चालायचे. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसं अपडेट दिलं. शॉर्टकट व्हायरस टिकून राहिला तो मात्र आपल्या क्लिकवर.

दुसरा धोका जास्त गंभीर. "बँकेतून बोलतोय, केवायसी अडकलंय, हे सॉफ्टवेअर टाका," असा फोन येतो. टाकायला सांगतात ते दुरून संगणक किंवा मोबाइल चालवायचं सॉफ्टवेअर. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही मुळात चांगली, दुरुस्तीसाठी वापरली जाणारी साधनं आहेत. पण मोबाइलवर एनीडेस्क टाकायला लावून पैसे काढण्याचे प्रकार वाढले, तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं. संगणकावर अशी साधनं सर्व्हिस म्हणून बसवता येतात आणि मालक समोर नसतानाही पासवर्डने आत शिरायची परवानगी ठेवता येते. म्हणजे फोन ठेवल्यावर विषय संपत नाही. तुमच्या मशीनवर असं काही असेल आणि कोणी, कशासाठी टाकलं हे सांगता येत नसेल, तर ते नुसतं डिसेबल करू नका, पूर्ण काढून टाका. दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

केंद्रचालकांची जबाबदारी इथे दुप्पट. तुमच्या मशीनवर गावातल्या लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक उघडले जातात. महिन्यातून एकदा ही यादी बघणं हे त्या लोकांशी असलेल्या विश्वासाचाच भाग आहे.

अपेक्षा किती ठेवायची?

खरं बोलायचं तर हा उपाय सगळ्यावर चालत नाही. ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर यादी साफ केल्याने फरक पडतो, पण त्याच मशीनमध्ये एसएसडी बसवली तर त्याहून मोठा फरक पडतो, आणि तो खर्च नव्या संगणकाच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात होतो. क्रम असा ठेवा: आधी यादी, मग एसएसडी, मग रॅम, आणि मग नवीन मशीनचा विचार.

प्रश्नोत्तरे

*एका विद्यार्थिनीने विचारलं: सर, संगणक सुरू केला की रोज "स्क्रिप्ट फाइल सापडत नाही" अशी खिडकी येते. व्हायरस आहे का?*

बहुतेक वेळा व्हायरस होता. अँटिव्हायरसने फाइल काढली, पण यादीतली तिची नोंद राहिली. विंडोज रोज त्या पत्त्यावर जातं आणि रिकाम्या हाताने परत येऊन तुम्हाला सांगतं. टास्क मॅनेजरच्या यादीत, नाहीतर ऑटोरन्सच्या पिवळ्या ओळींत ती नोंद सापडेल, ती बंद करा. मात्र आधी पूर्ण स्कॅन करून घ्या आणि तुमचा पेनड्राइव्हही तपासा.

*डीटीपी करणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं: यादीत नुसतं 'प्रोग्रॅम' असं लिहिलेलं दिसतं, कंपनीचं नाव नाही. काढू का?*

ती बहुधा काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरची उरलेली नोंद असते. उजवं क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. काहीच उघडत नसेल तर डिसेबल करायला हरकत नाही. पण फाइल उघडली, तिच्यावर कंपनीचं नाव नाही, आणि ती 'टेम्प' किंवा 'अ‍ॅपडेटा' अशा आडवळणाच्या फोल्डरमध्ये असेल, तर संशय घ्या आणि स्कॅन करा.

*एका शिक्षकांनी विचारलं: एका क्लिकवर संगणक वेगवान करणारी 'बूस्टर', 'क्लीनर' सॉफ्टवेअर वापरावीत का?*

आमचा सल्ला, नको. जे काम विंडोज फुकट करू देतं, त्यासाठी पाहुणा बोलावायचा, आणि तो पहिलं काम काय करतो? स्वतःचं नाव सुरुवातीच्या यादीत घालतो. काही तर रजिस्ट्रीतल्या शेकडो 'चुका' दाखवून पैसे मागतात.

*एका केंद्रचालकांनी विचारलं: आमचं मशीन विंडोज १० वर आहे. एवढं सगळं करून ते किती दिवस वापरायचं?*

वेग हा एक प्रश्न आणि सुरक्षा हा दुसरा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे मशीन पळेल, पण नव्या सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप मिळत राहतील असं धरून चालू नका. मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत असेल तर वर न्या. बसत नसेल तर घरच्या लिखाणाला, मुलांच्या अभ्यासाला ठेवा. लोकांची आधारची आणि बँकेची कामं त्यावर करू नका.

वेळ संपली. आज घरी किंवा दुकानात गेल्यावर एवढंच करा: ती तीन बटणं दाबा आणि यादी वाचा. एकही प्रोग्रॅम बंद केला नाहीत तरी चालेल, पण तिथे कोण कोण बसलंय हे माहीत असू द्या.